सोलर इन्व्हर्टरचा कूलिंग फॅन घरी बदलताना

इन्व्हर्टरमधून घरघर येऊ लागली, लोड वाढला की तो तापून आपोआप बंद पडू लागला, स्क्रीनवर फॅनची सूचना झळकू लागली, तर बहुधा आतला पंखा गेलेला असतो. तरी लगेच नवा मागवू नका. बऱ्याच इन्व्हर्टरांत पंखा तापमान किंवा लोड पाहून चालू होतो. हलक्या लोडवर तो थांबलेला दिसला म्हणजे बिघडलाच असं नाही. मोठा लोड टाकून पंधरा मिनिटं बघा. तरीही तो फिरला नाही किंवा अडखळत फिरला, तर खोलायला हरकत नाही. वॉरंटी शिल्लक असेल तर मात्र सील तोडण्याआधी विक्रेत्याला विचारा.

पंखा बदलणं म्हणजे चार स्क्रू आणि एक कनेक्टर. वेळ आणि लक्ष लागतं ते त्याआधीच्या कामाला.

ऑफ-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला न जोडलेल्या, इन्व्हर्टरला एकच मेन स्विच नसतो. एका बाजूने बॅटरी, दुसऱ्या बाजूने पॅनेल, आणि जोडलेला असेल तर जनरेटर, अशी तिन्हीकडून वीज येत असते. बंद करण्याचा क्रम असा: आधी घरातले लोड, मग इन्व्हर्टरचं बटण, मग जनरेटरची लाइन, मग पॅनेलचा डीसी आयसोलेटर (पॅनेलची वीज तोडणारा स्विच) आणि शेवटी बॅटरीचा ब्रेकर. पॅनेल बॅटरीच्या आधी तोडायचे, हे महत्त्वाचं. पॅनेल चालू असताना बॅटरी काढली तर चार्जरचा व्होल्टेज उसळू शकतो. आणि करंट वाहत असताना पॅनेलच्या वायरींचे एमसी४ कनेक्टर (एकमेकांत अडकवायचे प्लग) कधीही ओढू नका. ५० हर्ट्झचा एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून त्याची ठिणगी विझते. पॅनेलच्या डीसीची विझत नाही, ती लांबत जाते. संध्याकाळी काम करणं सोयीचं, पण अंधुक उजेडातही पॅनेलवर व्होल्टेज असतोच. त्यामुळे आयसोलेटर बंद करण्याला पर्याय नाही.

आता थांबा. मॅन्युअलमध्ये वेळ दिली असेल तर तेवढा, नाहीतर किमान १० मिनिटं. आतले मोठे कपॅसिटर सगळं तोडल्यावरही चार्ज धरून ठेवतात, आणि २३० व्होल्टच्या अनेक मॉडेलांत हा व्होल्टेज ४०० च्या आसपास असतो. झाकण काढल्यावर कशालाही हात लावण्याआधी मल्टिमीटर १००० व्होल्ट डीसीवर ठेवून मोठ्या कपॅसिटरची टोकं तपासा. त्याच्याही आधी मीटर एखाद्या बॅटरीवर लावून बघा. बंद पडलेला मीटरही शून्यच दाखवतो. व्होल्टेज उरलेला दिसला तर अजून थांबा. टोकांना स्क्रूड्रायव्हर लावून कपॅसिटर रिकामा करण्याचा उद्योग करू नका. मोजण्याची सवय नसेल तर इथेच थांबून इलेक्ट्रिशियनला बोलवा.

पंखा काढण्याआधी फोटो घ्या: लेबल, वायरींचा मार्ग, बसण्याची दिशा. नवा घेताना पाच गोष्टी जुळायला हव्यात. आकार (८०, ९२ किंवा १२० मिमी) आणि जाडी (२५ किंवा ३८ मिमी). व्होल्टेज, म्हणजे १२ की २४. लेबलवरचे अँपिअर. वायरींची संख्या. आणि कनेक्टर. अँपिअरकडे लोक बघत नाहीत. मूळ पंखा ०.६ अँपिअरचा असताना कॉम्प्युटरचा ०.१५ अँपिअरचा पंखा बसवला, तर तो शांत फिरतो खरा, पण हवा फारच कमी ढकलतो. उलट फार जास्त अँपिअरचा घेतला तर बोर्डावरचा पंखा चालवणारा ट्रान्झिस्टर जळू शकतो. बॉल बेअरिंगचा मिळाला तर तोच घ्या. स्लीव्ह बेअरिंग स्वस्त असतं, पण उष्णतेत लवकर झिजतं.

तिसऱ्या वायरीने बरेच जण फसतात. तिच्यावरून पंखा फिरतोय की नाही याचा सिग्नल जातो. बहुतेक पंख्यांत एका फेरीला दोन पल्स. काही पंखे मात्र फिरतोय की अडकलाय एवढंच सांगतात, आणि हे दोन प्रकार एकमेकांच्या जागी चालत नाहीत. तीन वायरींच्या जागी दोन वायरींचा बसवला तर पंखा फिरत असूनही इन्व्हर्टर तो अडकल्याची तक्रार करू शकतो.

कनेक्टर वेगळा असेल तर जुन्या पंख्याचा कनेक्टर थोडी वायर ठेवून कापा, नव्याला सोल्डर करा आणि हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. वायरींच्या रंगांवर विसंबू नका, लेबल आणि डेटाशीट बघा.

दिशा बघायची खूण सोपी आहे: ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या पट्ट्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. फ्रेमवर बाण असेल तर प्रश्नच नाही. मी एकदा पंखा उलटा बसवला होता. तो मजेत फिरत होता आणि इन्व्हर्टर तसाच तापत होता. चूक सापडेपर्यंत दोन दिवस गेले.

उघडलंच आहे तर हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) फटींमधली धूळ मऊ ब्रशने काढा. इन्व्हर्टरला दुसरा पंखा असेल आणि तो ब्लोअरने साफ करणार असाल तर पाती बोटाने धरा, नाहीतर तो जनरेटरसारखा वीज तयार करून बोर्डात पाठवतो. दोन पंखे एकाच वयाचे असतील तर मी दोन्ही बदलतो. स्क्रू हलक्या हाताने आवळा, वायर पात्यांपासून दूर टायने बांधा, आणि झाकणाची अर्थिंगची वायर परत लावायला विसरू नका.

जोडताना क्रम उलटा: आधी बॅटरी, मग पॅनेल. रिकामे कपॅसिटर एका झटक्यात करंट ओढतात, म्हणून बॅटरी जोडताना मोठी ठिणगी उडते. लिथियम बॅटरीचा बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारा सर्किट बोर्ड) यामुळे ट्रिपही होतो. ४८ व्होल्टच्या सिस्टिमला सुमारे ५० ओहमचा, पुरेशा वॉटचा रेझिस्टर ब्रेकर चढवण्याआधी त्याच्या दोन टोकांमध्ये धरून काही सेकंद थांबा आणि मग ब्रेकर चढवा. बीएमएसमध्ये प्रीचार्जची, म्हणजे कपॅसिटर आधी हळूहळू भरण्याची, सोय असेल तर याची गरज नाही.

इन्व्हर्टर चालू करून लोड टाका आणि जाळीपाशी कागदाची पट्टी धरा. आत घेणाऱ्या जाळीला ती चिकटली पाहिजे, बाहेर टाकणाऱ्या जाळीपासून उडाली पाहिजे. अर्धा तास भर लोडवर चालवून स्क्रीनवरचं तापमान टिपून ठेवा. पुढच्या वेळी तेवढ्याच लोडवर आकडा वाढलेला दिसला, तर आधी धूळ बघा.