सिंधमधून आलेल्या कुटुंबाला जळगावात रुळायला मदत करायचीय? आधी फाईल उघडा

फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं आता पक्की जळगावकर झालीयेत, पण सिंधमधून येणं काही तेव्हाच थांबलं नाही, नंतरही लोक येत राहिले आणि कित्येक जण अजून एलटीव्हीवर म्हणजे लाँग टर्म व्हिसावर राहतायत. आठ-दहा जणांचं मंडळ असेल, पैसा फारसा नसेल तरी यांच्यासाठी बरंच करता येतं. फक्त धान्याचं किट देताना फोटो काढून स्टेटसला टाकायचा उद्योग नको.

पहिलं काम फाईलचं. पासपोर्ट, एलटीव्हीचा कागद, भाडेकरार, सगळ्याच्या दोन-तीन झेरॉक्स, आणि व्हिसा संपायची तारीख मंडळातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये रिमाइंडर लावून. पासपोर्टवरचा एन्ट्रीचा शिक्का नीट बघा, कारण सीएए म्हणजे नागरिकत्व सुधारणा कायद्याखाली नागरिकत्वाचा अर्ज करायचा तर 31 डिसेंबर 2014 पर्यंत भारतात आल्याचं दाखवावं लागतं. मुदत संपलेला पासपोर्ट कुणी टाकून देऊ नका हां, या अर्जाला तो चालतो. नावाचा घोळ तर ठरलेला, एका कागदावर आडनाव, दुसऱ्यावर त्याच जागी वडिलांचं नाव, ते आधीच लिहून काढा. अर्जासोबत वर्तनाबद्दल भारतीय नागरिकाचं ॲफिडेव्हिट लागतं, ते देणारं माणूस मंडळातूनच मिळालं तर उत्तम, पण ओळख असेल तरच द्या.

बँकेत सोबत जा. एलटीव्हीवाल्यांना एक एनआरओ (नॉन-रेसिडेंट ऑर्डिनरी) खातं उघडता येतं, पॅन आणि आधारही काढता येतं, पण काउंटरवरच्या माणसाला ते माहीत असेलच असं नाही, तो पाकिस्तानी पासपोर्ट बघूनच हात वर करतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाची प्रिंट जवळ ठेवा, भांडू नका, मॅनेजरकडे जा.

अफवांचं पण बघावं लागतं. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तान्यांचे व्हिसे रद्द झाल्याची बातमी आली आणि व्हॉट्सॲपने लोकांना पार घाबरवून सोडलं, खरं तर हिंदूंचे एलटीव्ही चालू राहणार हे परराष्ट्र मंत्रालयाने लगेच सांगितलं होतं. अशा वेळी फॉरवर्ड करत बसण्यापेक्षा सरकारी खुलाशाची प्रिंट घेऊन घरोघरी जा, चहा प्या, समजावून सांगा.

मुलांच्या शाळेचं थांबवू नका. सहा ते चौदा वयाच्या मुलाला जन्मदाखला नाही म्हणून शाळा परत पाठवू शकत नाही, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे, आणि वयाप्रमाणे वर्ग मिळतो. खरी अडचण लिपीची, तिकडे सिंधी उजवीकडून डावीकडे लिहितात. मुलगी तिकडे चौथी झालेली, हुशार, पण वही मागच्या पानापासून उघडते आणि पेन उजव्या कडेला टेकवते. तिला पहिलीचं पुस्तक देऊन लहानांत बसवू नका, लाजते. संध्याकाळी कॉलेजच्या एखाद्या पोरीकडे पाठवा, दुकानांच्या पाट्या, बसचे बोर्ड, रेशनची पावती असं वाचून घ्या, गाडी भराभर पुढे जाते.

कामधंद्याचं त्यांना फार शिकवावं लागत नाही, स्वतःचा धंदा करायला एलटीव्हीवर परवानगी आहे, पापड किंवा शिलाईची पहिली ऑर्डर आणि फुले मार्केटमधल्या एखाद्या होलसेलवाल्याची ओळख दिली की पुरे. उधारी मात्र तुमच्या शब्दावर मिळवून देऊ नका.

शेजारपाजाऱ्यांचं म्हणाल तर आपल्या खानदेशातल्या कानबाईच्या सणाला बोलवा आणि त्यांच्या चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, तुम्ही जा, भरीत-पुरी एकत्र खाल्ली की निम्मं अवघडलेपण जातं. थोडं रुळल्यावर त्यांच्यातल्याच एखादीला मंडळात घ्या, व्हिसाच्या कामासाठी एसपी (पोलीस अधीक्षक) ऑफिसला सोबत जायचं काम तिला द्या, तिला तिथली खिडकी आणि साहेबांची वेळ दोन्ही पाठ असतात.