विंडोज अपडेटनंतर उबंटू गायब? आधी बूट ऑर्डर बघा
विंडोज आणि उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) दोन्ही असलेला लॅपटॉप अपडेटनंतर थेट विंडोजमध्ये उघडला, ग्रबचा (सुरुवातीला कोणती सिस्टिम उघडायची ते विचारणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेनू दिसेना, की बरेच जण उबंटू नव्याने टाकायला बसतात. घाई नको. यूईएफआय (संगणक सुरू करणारं, जुन्या बायोसच्या जागी आलेलं सॉफ्टवेअर) असलेल्या मशीनवर ग्रब बहुधा जागेवरच असतो. बूट ऑर्डरमध्ये, म्हणजे कोण आधी सुरू होणार त्या क्रमात, विंडोज बूट मॅनेजर वर सरकलेला असतो, इतकंच. सुरू होताना एफ२ किंवा डिलीट दाबा (बटण कंपनीगणिक वेगळं) आणि ‘उबंटू’ पहिल्या क्रमांकावर आणा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा, नाहीतर ऐनवेळी धावाधाव.

उलट, मेनूत विंडोजच नसेल तर? ग्रब २.०६ पासून दुसरी सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळात बंदच असतो. ग्रबच्या सेटिंग फाइलीत तो चालू करून अपडेट-ग्रब ही कमांड सुडोने (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) चालवा.