प्राण्याला कॅन्सर निघालाय? उपचार ठरवताना या चुका टाळा

कुत्र्या-मांजराला कॅन्सर असल्याचं कळलेली माणसं माझ्याशी बोलतात तेव्हा बऱ्याचदा एक वाक्य ऐकू येतं: "सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड सुरू केलंय." ते ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

तपासणीआधीच स्टेरॉइड

माझ्या कुत्रीच्या जबड्याखाली दोन्हीकडे सुपारीएवढ्या गाठी आल्या. मागे खाजेसाठी आणलेल्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या घरात होत्या, त्या मी देऊन टाकल्या. चार दिवसांत गाठी विरल्या, ती पोटभर जेवायला लागली, म्हणून मी तपासणीची वेळ रद्द केली. तीन आठवड्यांनी गाठी परत आल्या, या वेळी गुडघ्यांमागेही. लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "स्टेरॉइड दिलंय का?"

स्टेरॉइडने लिम्फोमाच्या पेशी मरतात, त्यामुळे नमुन्यातून निदान अवघड होतं. शिवाय ज्या पेशी तगतात त्या पुढे किमोलाही दाद देईनाशा होऊ शकतात. कुत्र्यांमधल्या बी-पेशींच्या (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या) लिम्फोमात चार औषधांच्या किमोने साधारण वर्षभराचं आयुष्य मिळतं, नुसत्या स्टेरॉइडने एक-दोन महिने. माझ्या कुत्रीला किमो करूनही चारच महिने मिळाले. त्या गोळ्यांमुळेच का, हे खात्रीने सांगता येत नाही, पण ती घाई मला अजून सलते.

तेव्हा आधी सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणी, मग आजार कुठवर पसरलाय ते पाहणं. किमो करायची की नाही हे ठरेपर्यंत घरातल्या स्टेरॉइडला हात लावू नका.

बोटाने चाचपून "चरबीची गाठ" म्हणणं

मास्ट सेल ट्यूमर हा कातडीचा कॅन्सर हाताला अगदी चरबीच्या गाठीसारखा लागू शकतो. तो कधी फुगतो, कधी बसतो, आणि बसला की घरच्यांना हायसं वाटतं. सुईच्या तपासणीला काही मिनिटं लागतात. गाठ कसली आहे हे सर्जनला आधी कळलं तर तो भोवतालची निरोगी कातडी आणि खालचा थरही काढतो. नुसती गाठ कापली तर पेशी मागे राहतात आणि दुसऱ्यांदा भूल द्यावी लागते. काढलेली गाठ फेकून देणं तर अक्षम्य आहे. ती लॅबमध्ये गेली नाही तर ग्रेड, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक आहे, ते कळत नाही, आणि पुढे उपचार लागणार का हेही ठरवता येत नाही.

माणसांच्या किमोची धास्ती

प्राण्यांचे डोस मुद्दाम बेताचे ठेवतात, कारण त्यांचे दिवस चांगले जावेत हा हेतू असतो. दोन-तीन दिवस भूक मंदावू शकते. बहुतेक कुत्र्यांचे केस गळत नाहीत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र डोसनंतर साधारण आठवड्याने सर्वांत कमी होतात. तेव्हा ताप आला किंवा प्राणी मलूल पडला तर सकाळची वाट पाहू नका.

घरचं वेदनाशामक

मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरते. स्टेरॉइडसोबत मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक दिलं तर पोटात अल्सर होऊ शकतो.

"किती जगेल?" एवढंच विचारणं

मी वहीत प्रत्येक पर्यायापुढे तीन प्रश्न लिहिते: फेऱ्या किती, ते दिवस कसे जातील, मध्येच थांबवलं तर काय होईल. काहीच न करण्याचा पर्यायही त्यात लिहिते, आणि फक्त वेदना कमी ठेवण्याचाही. तोही उपचारच आहे.

हाडाच्या कॅन्सरमध्ये "तीन पायांवर कसा जगेल" म्हणून पाय काढायला नकार देणारे खूप भेटतात. पण त्या हाडाची वेदना पाय काढल्यावर जाते. उरलेले तिन्ही पाय धड असतील तर बरेचसे कुत्रे काही दिवसांत दारापर्यंत धावत येतात.