परराज्यातील वीजकामगार नेमण्यापूर्वी

दुसऱ्या राज्यातून वायरमन बोलावताना त्याचा परवाना आपल्या राज्य शासनाने दिलेला किंवा मान्य केलेला आहे का, हे आधी पाहावे. कारण केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार वीजसंचाचे (वायरिंग व वीजजोडणीचे) काम परवानाधारक कंत्राटदारामार्फत, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या थेट देखरेखीखाली आणि अशा परवानाधारक कामगाराकडूनच व्हावे लागते. दिवा, पंखा किंवा फ्यूज बदलण्यासारख्या किरकोळ कामांना यातून सूट आहे.

कामगाराचा मूळ परवाना पाहून नाव, मुदत आणि कामाचा प्रकार तपासावा व शंका असल्यास विद्युत निरीक्षक कार्यालयाकडून लेखी खात्री करून घ्यावी. केवळ अनुभवाच्या दाखल्यावर विसंबू नये, कारण नियमबाह्य झालेल्या कामाला वीजपुरवठा जोडता येत नाही आणि, त्याहून गंभीर म्हणजे, त्यात माणसाचा जीव जाऊ शकतो.