डेमो थांबवले आणि बिलामागे फिरलो

ऑफिस अंधेरीत, गोदाम भिवंडीला. खरेदीची बिलं मंजुरीत अडकायची, म्हणून कामाचे टप्पे आणि मंजुऱ्या पुढे सरकवणारं प्रोसेस सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. डेमोत सगळ्याच विक्रेत्यांचं सगळं छान दिसतं. ते थांबवून मी एका बिलामागे गोदामापासून अकाउंट्सपर्यंत फिरलो. बिल पडून राहत होतं ते मालाची पोच आणि परचेस ऑर्डरचे आकडे जुळत नाहीत तिथे. सरळ मंजुरी कुठलंही सॉफ्टवेअर देतं. हा घोळ कोण सोडवणार, किती वेळात, साहेब रजेवर असले तर कोण, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

बिलाचा तो प्रवाह बीपीएमएन २.० या, कामाचे टप्पे आकृतीत मांडायच्या पद्धतीच्या खुणांत काढला. ओएमजी या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेचं हे २०११ चं प्रमाण आहे, त्यामुळे आराखडा एकाच विक्रेत्याला बांधलेला राहत नाही (निदान कागदावर तरी).

गरजांच्या यादीतली ‘वापरायला सोपं हवं’ ही ओळ खोडून ‘गोदामातल्या माणसाला मोबाइलवर, मराठीत, फोटोसह पोच नोंदवता यावी’ असं लिहिलं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी जोडणी, पुसता न येणारी मंजुरीची नोंद आणि करार संपल्यावर आपला डेटा परत, या अटी सक्तीच्या. डॅशबोर्ड असला तर असला.

मग विक्रेत्यांना आमचं न जुळणारं बिलच दिलं: हे चालवून दाखवा. विक्रेत्यांची यादी लगेच आखूड झाली.