बधिर पाय सुजून गरम लागला तर काय करावं

बरीच वर्षं शुगर असलेल्या माणसाचं एक पाऊल अचानक सुजतं, लालसर होतं, हाताला गरम लागतं, आणि तरी, नसा बधिर झालेल्या असल्याने, म्हणावं तसं दुखत नाही. दुखत नाही म्हणून घरचे निर्धास्त राहतात, आणि घात इथेच होतो. आत हाडं मोडत असतात, सांधे निखळत असतात. याला शार्को फूट म्हणतात. फ्रेंच डॉक्टर झाँ-मार्ताँ शार्को यांनी १८६८ मध्ये अशा सांध्यांचं वर्णन केलं, तेव्हा कारण होतं मज्जारज्जूपर्यंत गेलेला सिफिलिस. आज बहुतेकदा कारण मधुमेह असतं. कुष्ठरोगातही हे होतं.

आधी आईचा, मग काकांचा पाय मी यातून काढला. त्यानंतर ओळखीतल्या घरांमध्येही हेच करत आले.

रोज रात्री दोन्ही तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या बघा.

मग दोन्ही पाय दहा मिनिटं उघडे ठेवून तापमान घ्या. कोरोनात घेतलेली थर्मामीटरची बंदूक चालते, पण ती कपाळाच्या नव्हे, वस्तूचं तापमान मोजायच्या सेटिंगवर ठेवा. दोन्ही पावलांच्या नेमक्या त्याच जागा मोजा. २ अंश सेल्सियस किंवा जास्त फरक असेल तर चालणं तिथल्या तिथे बंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जखम किंवा ताप असेल तर एक तासही थांबू नका.

डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘शार्को असू शकतो का?’ सुरुवातीला एक्स-रे साफ येऊ शकतो. आईचा आला होता. मुरगळलाय म्हणून क्रेप बँडेज बांधून आम्हाला घरी पाठवलं आणि ती तीन आठवडे चालत राहिली. तोवर पावलाची कमान खचून तळवा होडीच्या बुडासारखा फुगला होता. एक्स-रे साफ असूनही पाय गरम असेल तर एमआरआयबद्दल विचारा. मालिश, गरम पाण्याचा शेक, ‘चाला, रक्त फिरेल’ हे सल्ले देणारे घरोघरी भेटतात. ऐकू नका. बधिर पायाला गरम पाण्याने भाजलेलंही कळत नाही.

आता खरा कठीण भाग: पायावरचं वजन काढणं.

रक्तपुरवठा आणि जखमा तपासून डॉक्टर बहुधा गुडघ्याखालपर्यंत, पायाला सगळीकडून चिकटून बसणारं प्लास्टर घालतात. ते घातलं की काम झालं असं मला वाटलं होतं. तसं नसतं. सूज उतरते, प्लास्टर सैल होतं, पाय आत घासतो आणि जखम झालेली पेशंटला कळतच नाही. म्हणून पहिलं प्लास्टर थोड्याच दिवसांत बदलावं लागतं, पुढे साधारण दर एक-दोन आठवड्यांनी. ती तारीख चुकवू नका. मी रोज प्लास्टरच्या कडेला नाक नेऊन वास घ्यायचे. वास, डाग, ताप, अचानक वाढलेली शुगर, यातलं काहीही दिसलं की लगेच फोन.

त्याहून अवघड माणसाला बसवणं. आई दिवसभर शहाण्यासारखी बसायची आणि पहाटे आम्ही झोपेत असताना देवघरात जाऊन दिवा लावायची. पलंगापासून आठ पावलं. दुखतच नव्हतं, मग तिला तरी का पटावं? रागावून काही झालं नाही. शेवटी देवघरातला छोटा देव्हारा तिच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर आणून ठेवला, त्या दिवसापासून तिचं उठणं थांबलं. तुमच्या माणसाची अशी आठ पावलं कुठली, ते शोधा. रात्रीसाठी कमोडची खुर्ची पलंगाला लावून ठेवा. संडासाची फेरी सगळ्यात वाईट. वॉकर हातात दिला म्हणजे वजन निघालं असं समजू नका, बहुतेक जण वॉकर धरून पूर्ण पायच टेकवतात. घरातल्या घरात व्हीलचेअर बरी.

हे तीन ते सहा महिने चालतं, कधी जास्तही. पाहुणे म्हणतील, ‘अजून प्लास्टरच?’ म्हणू द्या. सूज गेली, दोन्ही पायांचं तापमान सारखं राहू लागलं आणि एक्स-रेत हाडं जुळलेली दिसली की डॉक्टर सोडतील. लग्नाचा मुहूर्त गाठायला आधी सोडवून घेऊ नका.

या काळात दुसऱ्या पायावर सगळा भार येतो, तोही बिघडू शकतो. त्याचंही तापमान रोज लिहा आणि प्लास्टरच्या तळाइतका जाड तळ त्या पायातल्या चपलेला लावून घ्या.

प्लास्टर निघाल्यावर मापाची एमसीआर (मऊ मायक्रोसेल्युलर रबराची) चप्पल किंवा बूट, घरातसुद्धा. चालणं पहिल्या दिवशी काही मिनिटंच, आणि संध्याकाळी पुन्हा थर्मामीटर. फरक परत २ अंशांवर गेला तर पाय वर आणि डॉक्टरांना फोन.