जुन्या वाचनालयाच्या वास्तूत कलाकेंद्र : तयारीची यादी

शंभरी ओलांडलेल्या वाचनालयाच्या इमारतीत कलाकेंद्र करायचे ठरले की कार्यकारी मंडळाची चर्चा बहुधा रंगमंचाच्या मापावर आणि पडद्याच्या रंगावर येऊन ठेपते. ती तिथेच थांबवून आधी कागदपत्रांची फाइल काढावी. संस्थेची घटना, न्यासाचे नोंदणीपत्र, जागेचा सिटी सर्व्हेचा उतारा आणि मूळ देणगीदाराचे दानपत्र एकत्र वाचावे. उद्दिष्टांत केवळ ग्रंथसंग्रह आणि वाचन एवढेच लिहिलेले असेल, तर ती वाढवून घेण्याची कार्यवाही सर्वसाधारण सभेपासून धर्मादाय कार्यालयापर्यंत पूर्ण व्हायला हवी. वास्तू एखाद्या कलासंस्थेला तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असल्यास १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. इमारत वारसा यादीत आहे काय आणि असल्यास कोणत्या श्रेणीत, हे नगरपालिकेकडून लेखी घ्यावे. ‘काही अडचण येणार नाही’ या तोंडी आश्वासनावर परांची बांधू नये.

दुसरा निर्णय वाचनालयाचे काय करायचे हा. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मिळणारी मान्यता आणि अनुदान ग्रंथालयाला असते, नाटकाच्या सभागृहाला नव्हे; त्यामुळे देवघेव, वर्तमानपत्रांचे टेबल आणि कामाचे तास टिकवूनच आखणी करणे शहाणपणाचे. दोन्ही कामे एकाच संस्थेला झेपतात, हे १८४० साली स्थापन झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाने परशुराम साईखेडकर नाट्यगृह चालवून दाखवले आहे. शिकागोत १८९७ सालची मध्यवर्ती ग्रंथालयाची इमारत १९७७ पासून सांस्कृतिक केंद्र म्हणून वापरात आली, पण तिथे ग्रंथालयासाठी पुढे स्वतंत्र मोठी इमारत उभी राहिली. आपल्या तालुक्याच्या गावी तशी सोय होईल असे गृहीत धरू नये.

कपाटे हलवण्यापूर्वी दाखल नोंदवही समोर ठेवून प्रत्येक पुस्तकाची पडताळणी करावी. १८६७ पर्यंतची मराठी पुस्तके, म्हणजे दोलामुद्रिते, आणि जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड वेगळे काढावेत, कारण जीर्ण म्हणून रद्दीत जाणारा पहिला ढीग नेमका त्यांचाच असतो.

यानंतर संरचना अभियंत्याला बोलवावे आणि त्याच्याकडून प्रत्येक दालनाच्या तक्तपोशीचा, म्हणजे मजल्याच्या लाकडी पाटणीचा, स्वतंत्र अहवाल मागावा. आजच्या भारतीय मानकात ग्रंथसाठा वेगळ्या दालनात असलेल्या वाचनकक्षाला दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो, ग्रंथांच्या मांडणीच्या दालनाला ६०० किलोंपासून पुढे आणि नृत्याच्या जागेला सुमारे ५०० किलो भार धरतात. जुनी इमारत या आकड्यांवर बांधलेली नसते, तरी प्रश्न कुठे आहे हे त्यांतून कळते : ऐसपैस दिसणारा वाचनकक्षच नाचासाठी कमकुवत निघू शकतो. शिवाय पुस्तके जागची हलत नाहीत. कथकच्या तत्काराला, म्हणजे पदन्यासाला, तीस पावले एकाच ठेक्यात पडतात, तेव्हा सागवानी तुळयांना बसणारा हादरा निराळाच असतो. तुळयांची टोके भिंतीत जिथे शिरतात तिथे टोचून पाहावे. वाळवी आणि गळतीचे पाणी तिथेच आधी पोचते. नृत्याचे वर्ग शक्य असेल तर तळमजल्यावरच घ्यावेत. चुन्यात बांधलेल्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नये. ओल आत कोंडते, क्षार फुटतात आणि चार पावसाळ्यांत गिलाव्याबरोबर दगड-विटांचा पृष्ठभागही सुटू लागतो. चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधायला वेळ लागतो, म्हणून हे काम निविदेच्या आधीपासूनच हाती घ्यावे.

आवाजाची चाचणी मात्र कपाटे हलवल्यावर पुन्हा करावी. पुस्तकांनी भरलेली भिंत आवाज शोषून घेते. ती रिकामी झाली की तेच उंच छताचे दालन घुमू लागते आणि गायकाचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचेतो विरघळतो. जाड पडदे आणि काही कपाटे भिंतीलगत पुस्तकांसह तशीच ठेवणे हा स्वस्त उपाय आहे. देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या आणि तैलचित्रे जागेवरच राहू द्यावीत. नातवंडे ती पाहायला येतात आणि निधीही त्याच ओळखीतून जमतो.

विजेसाठी स्वतंत्र मीटर आणि नवी वायरिंग धरावी, पण वायरी दगड कोरून न नेता भिंतीवरून उघड्या नळीतून न्याव्यात. बाहेर पडायला दुसरा दरवाजा, उतार (रॅम्प), कलाकारांसाठी आरशाची खोली आणि महिलांसाठी पुरेशी स्वच्छतागृहे नकाशात आधीच दाखवावीत. अग्निशमन यंत्रणेचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते, तेव्हा त्याचा खर्च वार्षिक अंदाजपत्रकात धरावा.

शेवटी वेळापत्रक. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची मुले सकाळपासून रात्रीपर्यंत बसलेली असतात आणि तबल्याच्या वर्गाला तेवढीच हक्काची जागा हवी असते. म्हणून उद्घाटनाची पत्रिका छापण्याआधी दोन्हीकडच्या प्रतिनिधींना एकत्र बसवून दालननिहाय तास ठरवावेत, परीक्षांच्या महिन्यांत वाद्यांचे वर्ग कुठे हलवायचे ते लिहून काढावे आणि त्या तक्त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात.